आधी वेलांटी

आमच्या जुन्या घरात माजघराचं दार जेमतेम पाच फुटांचं होतं. जांभ्याची जाड भिंत, फणसाची चौकट, आणि दर गणपतीत मुंबईहून आलेल्या कुणाचं ना कुणाचं कपाळ त्या चौकटीवर आपटणार हे ठरलेलं. "एवढंसं दार कशाला ठेवलंय, बदला की आता!" असं कपाळ चोळत ते म्हणायचे आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. दार लहान आहे ही आम्हाला दरवर्षी नव्यानं कळणारी बातमी होती. आमच्या माना आपोआप खाली जायच्या. लहानपणी आम्हीही आपटलो असणार, पण ते कोण लक्षात ठेवतं?

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मागचा माड छपरावर आला आणि ते घर उतरवावं लागलं. नवं घर स्लॅबचं, दारं सात फुटी. बाबा आता 82 वर्षांचे आहेत. स्वयंपाकघरात शिरताना ते अजून मान लववतात.

हे इतकी वर्षं रोज बघत होते, पण त्याचा विचार केला तो गेल्या नोव्हेंबरात, कॉम्प्युटरपायी.

मी घरून काम करते. मालवण-कुडाळच्या वकिलांकडून जमिनीचे जुने कागद येतात. फेरफार, खरेदीखतं, वाटणीपत्रं. ती टाइप करून द्यायची, कधी त्यांचं इंग्रजी करून द्यायचं. त्यासाठी 2016 साली कुडाळहून एक डेस्कटॉप आणला. मध्ये एकदा त्यात एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घेतली, त्यानंतर तक्रार नाही. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सहाव्या पिढीचा. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळवायची तजवीज होती, पण मग पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हेच. धडधाकट मशिन केवळ पत्रिका जुळत नाही म्हणून भंगारात काढायचं माझ्या जिवावर आलं.

पुण्याचा पुतण्या दिवाळीला आला होता. तो म्हणाला, "आत्या, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. पैसे नाहीत, आणि दिसायला अगदी विंडोजसारखंच."

दिसायला सारखंच, यावर मी भाळले. तिथेच फसले, असं आता म्हणते.

कारण बघा, माझ्या हातात गेली बारा वर्षं अँड्रॉइडचा फोन आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे मी बारा वर्षं खिशात लिनक्स घेऊन फिरत होते आणि माझी त्याच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. फोननं आपण विंडोजसारखे आहोत असा आव कधी आणला नाही. तिथे बोटं पाटी कोरी करून गेली आणि शिकली. या नव्या डेस्कटॉपवर मात्र खाली तीच पट्टी, डाव्या कोपऱ्यात तसाच मेनू, खिडकीच्या उजव्या टोकाला फुली. बोटांना वाटलं, आपण घरी आलो. आणि मग कपाळ. हिंदीत कुणी "शिक्षा" म्हणालं की मराठी माणूस क्षणभर दचकतो तसं. तमिळ ऐकताना दचकायला होत नाही, कारण तिथे काही कळेल अशी अपेक्षाच नसते.

पहिल्या आठवड्यात मी एक वही घातली. ताकाचा आणि नारळांचा हिशेब ठेवायच्या वहीतलीच मागची पानं. वर लिहिलं "वैताग". जे जे खटकेल ते तारखेसकट टिपायचं आणि पुतण्याच्या डोक्यावर मारायचं, हा हेतू. पहिल्या तीन दिवसांत दोन पानं भरली.

पहिलीच नोंद रिफ्रेशची. तुम्हीही करत असाल. कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर उजवी क्लिक, रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश, मग तिसऱ्यांदा. कॉम्प्युटर क्लासात सरांनी केलेलं बघितलं आणि आपण उचललं. त्यानं डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस. मशिन काडीचंही वेगवान होत नाही. हे मला माहीत होतं, तरी वीस वर्षं करत आले. नव्या गाडीपुढे नारळ फोडतात तसं. माझ्या या डेस्कटॉपवर उजव्या क्लिकच्या यादीत रिफ्रेश नव्हतं. आणि खरं सांगते, मी अस्वस्थ झाले. ज्याचा काही उपयोग नाही अशी एक गोष्ट नाही म्हणून मी वहीत लिहिलं : "साधं रिफ्रेश नाही!!" दोन उद्गारचिन्हं अजून तिथे आहेत.

दुसरी नोंद कंट्रोल-सीची. स्कॅनरसाठी काहीतरी चढवायचं होतं. पुतण्यानं फोनवरून सांगितलं तशी काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. अक्षरं धावायला लागली. "काय दिसतंय ते कॉपी करून पाठव," तो म्हणाला. मी माउसनं मजकूर धरला, कंट्रोल-सी दाबलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. त्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नाही, चालू काम बंद कर. कॉपी करायची तर मध्ये शिफ्टही धरायची. माझा संताप झाला. जगात सगळीकडे जे चालतं ते इथे का चालू नये?

मग रात्री शोधत बसले आणि गंमत कळली. झेड, एक्स, सी, व्ही या शेजारी बसणाऱ्या चार कळांना पूर्ववत कर, काप, कॉपी कर, चिकटव ही कामं लॅरी टेस्लर यांनी नेमून दिली, ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरवर. लिसा बाजारात आला 1983 साली. एक्स ही फुली, म्हणून काप. व्ही हे मजकुरात घुसवायची खूण. आणि कंट्रोल-सी दाबून चालू काम थांबवायची रीत त्याच्याही आधीची, मोठ्या सामायिक यंत्रांच्या काळातली. म्हणजे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर या जमिनीवर मूळ कब्जेदार "थांब" आहे. "कॉपी" हा नंतरचा फेरफार. टर्मिनलनं फक्त जुना सातबारा जपून ठेवला आणि मी नंतर आलेल्या कुळासारखी मूळ मालकावरच घुसखोरीचा आरोप ठेवत होते.

(यानं मला ती सोय वाटू लागली असं नाही. आजही आठवड्यातून एकदा हात चुकतो. पण आरोपाची कलमं बदलली.)

पेनड्राइव्हचं प्रकरण महागात पडलं. एका वाटणीदाव्याचे टाइप केलेले कागद वकिलांच्या ऑफिसात पोचवायचे होते. कॉपीची पट्टी सरसर पूर्ण झाली, मी पेनड्राइव्ह उपटला, एसटी पकडली. तिथे उघडलं तर फाइलचं नाव आहे आणि आत काही नाही. पक्षकार समोर बसलेले. झालं असं की लिनक्स फाइल आधी मेमरीत घेतं आणि पेनड्राइव्हवर सवडीनं उतरवतं. पट्टी पूर्ण झाली म्हणजे माल गोदीत आला, होडीत चढला असं नव्हे. इजेक्ट म्हणायचं आणि "आता काढा" असा निरोप येईपर्यंत थांबायचं. विंडोजवरही पूर्वी हेच सांगायचे; पुढे विंडोज 10 मध्ये बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी पटकन काढता येईल अशी व्यवस्था मुळातच ठरवून दिली गेली आणि आपण सगळे उपटायला शिकलो. इजेक्ट करणारी माणसं आपल्याला भित्री वाटायला लागली. त्या दिवशी मी पुन्हा एसटीनं घरी आले आणि वहीत अर्धं पान लिहिलं. त्यातली भाषा इथे देण्यासारखी नाही.

असं पुष्कळ. सी ड्राइव्ह कुठे गेला? कुठेच नाही, इथे सगळं एकाच मुळापासून फुटतं आणि पेनड्राइव्हही त्याच झाडाची फांदी होऊन येतो. इंग्रजीतल्या लहान पीनं लिहिलेला "परब" आणि मोठ्या पीनं लिहिलेला "परब" या दोन वेगळ्या फाइली कशा? लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं, विंडोजला एकच. नवा प्रोग्रॅम हवा तर मी सवयीनं नेटवर सेटअपची फाइल शोधत बसायची, आणि इकडे कॉम्प्युटरमध्येच सगळ्या वस्तूंचं दुकान उघडं होतं, फोनमध्ये असतं तसं. हे फोनवर मला किती सोयीचं वाटतं! डेस्कटॉपवर तेच बघून "हे काय पोरखेळ" असं वाटलं.

डिसेंबरच्या सुट्टीत पुतण्या पुन्हा आला, त्याचा मॅक घेऊन. मला म्हणाला, "आत्या, तू उगाच चिडतेस, सवयीचा प्रश्न आहे." हे वाक्य ज्याला चौकट लागलेली नाही त्यानं बोलू नये. मी काही न बोलता त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि एक अर्ज दुरुस्त करायला दिला. मॅकवर कॉपी करताना स्पेसबारच्या शेजारची कमांड कळ अंगठ्यानं दाबतात. माझ्या कीबोर्डवर त्या जागी आल्ट आहे. त्याचा अंगठा तिथे गेला, सी दाबलं, काही झालं नाही. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यानं कीबोर्ड किंचित उचलून आपटला. मी सोलकढी ढवळत बघत होते. मग फाइलचं नाव बदलायला त्यानं एंटर दाबलं तर फाइल उघडलीच, कारण मॅकवर एंटरनं नाव बदलतं आणि बाकीकडे फाइल उघडते. "काय बकवास आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "सवयीचा प्रश्न आहे रे."

यात कंपन्याही सुटत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं 2012 साली विंडोज 8 आणलं आणि 1995 पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण काढून टाकलं. लोकांनी कॉम्प्युटर बदलला नव्हता, कंपनी बदलली नव्हती, तरी आरडाओरडा असा झाला की पुढच्याच वर्षी 8.1 मध्ये बटण परत आलं आणि 2015 ला विंडोज 10 मध्ये मेनूही. ॲपलनं 2011 साली स्क्रोलची दिशा उलटी केली तेव्हाही लोक असेच वैतागले. बोट खाली ओढलं की कागद खाली यावा की नजर खाली जावी? दोन्ही बरोबर. आधी कुठलं शिकलात एवढाच प्रश्न.

जानेवारीत देवबागला मामाकडे गेले होते. तो पर्यटकांना होडीतून फिरवतो. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूला रिकामी होडी घेऊन चालला होता, मी म्हटलं जरा माझ्या हातात दे. मागे लावलेल्या इंजिनाचा दांडा माझ्या हातात आला. समोर डावीकडे वाळूचा उंचवटा पाण्यात दिसत होता, त्यापासून लांब जायचं म्हणून मी दांडा उजवीकडे ढकलला. होडी थेट वाळूकडे. मामा ओरडला, "गो बाय, डाव्या हाताक जावचा आसा तर दांडो उजवीकडे लोट! उजव्या हाताक तर डावीकडे!" त्यानं दांडा हिसकावला तेव्हा तळ वाळूला घासल्याचा आवाज मी ऐकला.

हाच मामा पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवल्यावर, रिक्षा चालवतो. रिक्षाचं हँडल डावीकडे वळवलं की रिक्षा डावीकडे जाते. मी विचारलं, तुझा गोंधळ कसा होत नाही? त्याला प्रश्नच समजला नाही. होडी ती होडी, रिक्षा ती रिक्षा. त्याच्या हातांनी दोन वेगळी खाती उघडली होती आणि एका खात्यातलं दुसऱ्यात जमा होत नव्हतं.

मोठ्या जहाजांना मात्र ते इतकं सोपं गेलं नाही. जहाजावर दांड्याच्या जागी चाक आलं तरी सुकाणूवरच्या माणसाला द्यायचे हुकूम दांड्याच्याच हिशेबानं राहिले. 1912 साली टायटॅनिकवर हिमनग दिसला तेव्हा "हार्ड अ-स्टारबोर्ड", म्हणजे पूर्ण उजवीकडे, असा हुकूम सुटला आणि ठरल्याप्रमाणे जहाज डावीकडे वळलं. चूक झाली नव्हती. दांडा उजवीकडे म्हणजे जहाज डावीकडे, हे सगळ्यांच्या अंगवळणी होतं, दांडा नसला तरी. ही पद्धत 1930 च्या दशकात बदलली. बदलल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत चाकावरच्या जुन्या खलाशांनी कप्तानाला मनात काय काय म्हटलं असेल, याची मला आता चांगली कल्पना आहे.

फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर धरला होता आणि फवारणीचा वास घरात येत होता, तेव्हा एका दुपारी लाइट गेली म्हणून वही काढली. एकूण 43 नोंदी. वाचत गेले आणि ज्या आता खटकत नाहीत त्यांवर काट मारत गेले. रिफ्रेश, काट. सी ड्राइव्ह, काट. सेटअपची फाइल, काट. उलट आता विंडोजवर कुठूनतरी सेटअप उतरवायचं म्हटलं की मलाच जरा धास्ती वाटते. पेनड्राइव्हवर काट मारताना हात रेंगाळला, पण मारली. 37 नोंदी अशा गेल्या. त्या 37 ठिकाणी कॉम्प्युटरमध्ये तीन महिन्यांत एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त लागली. विंडोजवर वीस वर्षं काढली, तेव्हा अशी वही घालावी असं कधी सुचलं नाही. तिथे खटकण्यासारखं काही नव्हतं? होतं की. प्रिंटर अडला तर आधी केबल काढायची, दहा आकडे मोजायचे, लावायची, मग मशिन बंद-चालू करायचं, हे मी झोपेत करायची. एका प्रोग्रॅममध्ये सेव्ह करताना दोनदा विचारलं जायचं आणि दुसऱ्यांदा "नाही" म्हणायचं असतं, हे मी नव्या मुलीला शिकवलंही होतं, अभिमानानं. ते सगळे पाच फुटी दरवाजे होते आणि मी मान लववून चालले होते. त्याला मी "विंडोज मला येतं" म्हणत होते.

पण सहा नोंदी उरल्या, आणि त्यांवर काट मारायला मी तयार नाही. लिनक्सवाल्या हौशी मंडळींचा एक स्वभाव आहे. तुम्ही काहीही म्हणा, ते म्हणणार की तुमची सवय आड येते. नाही हो. माझ्या स्कॅनरच्या कंपनीनं लिनक्ससाठी काही दिलेलंच नाही, यात माझी सवय कुठे आली? माझ्याकडे 2003 ते 2012 च्या दरम्यान टाइप केलेले शेकडो दस्त आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. त्या काळात मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर वाटणीपत्राच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्ट उचलून इकडे आणला तर वाचता येतं, पण त्यात दुरुस्ती करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. ही खरीखुरी भिंत आहे, तिथे मान लववून भागत नाही. म्हणून जुनी विंडोज त्याच डब्यात एका कोपऱ्यात ठेवली आहे, नेटची वायर काढून. मशिन सुरू होताना विचारतं, कुणीकडे जायचं? महिन्यातून दोनदा मी तिकडे जाते, जुन्या घराच्या चौथऱ्यावर जाऊन यावं तशी.

उलट टोकाची एकच गोष्ट, जी एका नोंदीतही नव्हती, ती म्हणजे खुद्द मराठी टायपिंग. मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. भारतीय मानक ब्युरोच्या 1991 च्या इस्की मानकातही हीच मांडणी आहे. के, ए, के, शिफ्ट-सी : कोकण. विंडोजवर तेच, लिनक्सवर तेच. पहिल्या दिवशी, जेव्हा काहीही जागेवर सापडत नव्हतं, तेव्हाही मी एक आख्खं खरेदीखत एका बैठकीत टाइप केलं होतं आणि मला त्यात काही विशेष घडलं असं वाटलंही नाही. वहीत त्याची नोंद असणार तरी कशी?

परवा बाबांना ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा होता, पाणंदीतल्या दिव्यासाठी. मी टाइप करून देते म्हटलं तर ऐकेनात. ते कोर्टात टंकलेखक होते, मराठी रेमिंग्टनवर. हात थरथरतो, पण अर्ज आपणच करायचा. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि जरा घाबरतच सांगितलं, "बाबा, आता कॉम्प्युटर बदललाय हां. पूर्वीचं विंडोज नाही. सगळं वेगळं आहे, काही अडलं तर हाक मारा."

त्यांनी चष्मा चढवला. कळांवर मी मराठी अक्षरांचे स्टिकर लावले आहेत, ते एका बोटानं शोधत त्यांनी सुरुवात केली. शब्द होता "विनंती". टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, जशी ती कागदावर डावीकडून उजवीकडे दिसते तशी. कॉम्प्युटरला अक्षर आधी लागतं आणि वेलांटी नंतर, जशी ती तोंडात येते तशी. बाबांचं बोट वेलांटीवर गेलं. पडद्यावर टिंबांचा एक पोकळ गोल उमटला आणि त्याच्या डोक्यावर वेलांटी. मग त्यांनी "व" मारला, तो गोलाच्या पलीकडे जाऊन एकटाच उभा राहिला. विंडोजवर पंधरा वर्षं त्यांना हाच गोल दिसत आला होता.

त्यांनी दोनदा बॅकस्पेस दाबलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खंय बदललो? ह्याका पण बाराखडी येणा नाय."

आणि पुन्हा आधी वेलांटी शोधायला लागले.